आपल्या नदीचा डोंगर : पावागड

(होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात एक दिवस काढून सर्व कुटुंबाने काय पाहावे, याविषयी थोडी माहिती)

बडोद्यात राहणाऱ्या मराठी घरात पावागड माहीत नाही असे माणूस सापडणे कठीण. नवस फेडायला, नवीन गाडी घेतली म्हणून, लग्नानंतर जोडीने, नाहीतर नवरात्रात आपण पावागडाला जातोच. पहाटे निघायचे, रोपवेच्या रांगेत उभे राहायचे, कालिकामातेचे दर्शन घ्यायचे, माचीवर नाश्ता करायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचे, असा आपला ठरलेला कार्यक्रम असतो. त्यात वावगे काही नाही. मात्र देवीचे दर्शन होते आणि डोंगर पाहायचा राहून जातो. 'दुरून डोंगर साजरे' अशी म्हण आपल्याकडे आहे. पावागड मात्र आपण जवळ जाऊनही दुरूनच पाहतो.

पावागड हा आपल्या नदीचा डोंगर आहे. बडोद्याच्या मधून, सयाजीबागेतून वाहणारी विश्वामित्री पावागडाच्या डोंगररांगेत उगम पावते. ऑगस्ट २०२४ मध्ये जिचे पाणी आपल्यापैकी अनेकांच्या घरांत, दुकानांत आणि सोसायट्यांत शिरले, ती नदी येते कुठून, हे मुलांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. त्यासाठी एक दिवस पुरेसा आहे आणि तो दिवस वसंतातला असावा.

वसंतातच का?

पावसाळ्यात पावागड हिरवागार आणि फार सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण त्या दिवसांत त्याच्यावर ढग उतरलेले असतात, पायऱ्या निसरड्या असतात आणि झाडीमुळे आतले काही दिसत नाही. इथले जंगल पानझडीचे आहे. माघ-फाल्गुनात झाडे पाने टाकतात आणि डोंगराचे अंग उघडे पडते. मग खडकाचे थर, गडाचे जुने तट, बुरूज, पडके दरवाजे आणि पावसाळी ओढ्यांच्या कोरड्या वाटा स्पष्ट दिसू लागतात. डोंगर वाचायचा असेल तर वसंतातच वाचता येतो.

याच दिवसांत पळस फुलतो. गुजरातीत त्याच्या फुलाला केसूडो म्हणतात. होळीसाठी या फुलांचा केशरी रंग करण्याची चाल आपल्याकडेही आहे आणि गुजरातेतही. हालोलच्या पुढे रस्त्याच्या कडेला आणि गडाच्या पायथ्याला पळसाची झाडे दिसतात. झाडावर एकही पान नसताना फुले का येतात, असा प्रश्न मुले हमखास विचारतील. पाने आड नसली की केशरी फुले दुरून दिसतात आणि मध प्यायला येणाऱ्या मैना, सूर्यपक्षी यांना ती सहज सापडतात. त्यांच्या चोचीला, डोक्याला पराग लागतो आणि तो पुढच्या झाडावर जातो. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' ही म्हण मुलांनी ऐकलेली असते. फुलांचा बहर ओसरून जिथे नवी पालवी आली असेल, तिथे ही तीन पाने मोजून पाहावीत. पळसाखेरीज काटेसावरीची लाल फुले आणि मोहाची झाडे या भागात आढळतात.

गुढीपाडव्याला चैत्री नवरात्र बसते आणि गडावर यात्रेची गर्दी उसळते. म्हणून होळी झाल्यावर आणि पाडव्याच्या आधी जो पंधरवडा मिळतो तो उत्तम. घरात दहावी-बारावीचे परीक्षार्थी असतील तर अर्थातच त्यांच्या परीक्षेचा विचार आधी करावा.

सपाट मैदानात डोंगर कसा उभा राहिला?

बडोद्याहून निघाल्यावर सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता बहुतेक सपाट आहे. मग एकदम समोर पावागड उभा राहतो. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर भरते. सह्याद्रीत एवढ्या उंचीचे डोंगर पुष्कळ आहेत, पण ते एकमेकांना लागून असतात. पावागड एकटा आहे म्हणून तो अधिक उंच वाटतो. डोंगराचा पाव भागच जमिनीवर दिसतो, बाकीचा जमिनीखाली आहे, म्हणून तो पावागड, असे लोक सांगतात. वारा फार म्हणून पवनगड, त्याचा पावागड झाला, असेही सांगतात.

भूगर्भशास्त्र जे सांगते तेही या कथांइतकेच नवलाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या थरांतून महाराष्ट्रातला सह्याद्री घडला. रायगड, राजगड, सिंहगड हे सारे त्याच काळ्या बेसाल्टचे. पावागड हा त्याच घराण्यातला, पण थोडा वेगळा. त्याच्या खालच्या अंगाला काळा बेसाल्ट आहे. वरच्या भागात मात्र फिकट रंगाचा, सिलिका जास्त असलेला रायोलाइट नावाचा खडक आहे.

या दोन लाव्हारसांतला फरक स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजेल. बेसाल्टचा रस पातळ वरणासारखा, तो ताटभर पसरतो. रायोलाइटचा रस घट्ट पिठल्यासारखा, तो जिथे वाढला तिथेच जाड थराने बसतो. हा वरचा थर टणक आहे. आजूबाजूचा मऊ भाग ऊन-पावसाने लाखो वर्षांत झिजून गेला, पण टणक टोपी डोक्यावर असल्यामुळे पावागड टिकला. थरांची झीज सारखी न झाल्याने डोंगराला पायऱ्यांसारखे सपाट टप्पे पडले. माची हा त्यातला एक टप्पा आणि मौलिया पठार हा त्याच्या वरचा. आपली बस जिथे थांबते आणि जिथे चहाची दुकाने आहेत, ती जागा लाव्हारसाने करून ठेवली आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

वर जाताना काय पाहावे?

माचीपर्यंत रस्ता आहे. तिथून पुढे पायऱ्या किंवा रोपवे. हा रोपवे १९८६ पासून चालू आहे. एका बाजूने पायी आणि एका बाजूने रोपवेने असा बेत केला तर दोन्हींचा लाभ होतो. रोपवेतून थर दिसतात, पायी गेले तर ते हाताला लागतात.

चढताना गडाचे दरवाजे आणि तट लागतात. कड्याच्या नैसर्गिक भिंतीला जोडूनच तट बांधलेला आहे. कुठे डोंगर संपतो आणि कुठे बांधकाम सुरू होते, ते शोधून काढण्याची मुलांमध्ये पैज लावावी. आडवाटेला सात कमान आणि नवलखा कोठार या जुन्या वास्तू आहेत. कोठार कड्याच्या जवळ आहे, लहान मुलांना एकटे सोडू नये.

वरच्या पठारावर दुधिया तलाव आणि छासिया तलाव आहेत, खाली माचीजवळ तेलिया तलाव आहे. दूध, ताक आणि तेल अशी ही नावे मुलांना फार आवडतात. एवढ्या उंचीवर पाणी कसे, याचे उत्तर त्या सपाट टप्प्यांत आहे. पठारावर पडलेला पाऊस उताराने खोलगट जागेत येतो. तिथे बांध घालून आपल्या पूर्वजांनी तो अडवला. गडावर शिबंदी राहिली, वेढे सोसले गेले, ते या पाण्याच्या आधारावर. छासिया तलावाजवळ लकुलीशाचे जुने शिवमंदिर आहे. दहाव्या-अकराव्या शतकातले हे मंदिर गडावरच्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी एक आहे. पठारावर जैन मंदिरेही आहेत.

सर्वांत उंच टोकावर कालिकामातेचे मंदिर. हे शक्तिपीठ मानले जाते. गुजरातेतल्या गरब्यांत या देवीची आळवणी पिढ्यान्पिढ्या होत आली आहे. मंदिराचा जीर्णोद्धार होऊन जून २०२२ मध्ये नव्या शिखरावर ध्वज चढवण्यात आला. दर्शन झाल्यावर दहा मिनिटे कठड्यापाशी थांबावे. वसंतात हवा थोडी धुरकट असते, तरी पायथ्याचा वडा तलाव आणि हालोलचे कारखाने ओळखता येतात. पूर्वेकडे जांबुघोड्याच्या बाजूच्या टेकड्या आणि नैऋत्येला बडोद्याकडे पसरलेले मैदान दिसते. डोंगरावरून खाली गेलेल्या कोरड्या ओढ्यांच्या रेघा मुलांना बोटाने दाखवा. पावसाळ्यात त्या रेघांतून पाणी धावते.

पायथ्याचे हरवलेले शहर

उन्हाचा कडाका वाढण्याच्या आत गड उतरून चांपानेरला यावे. आज हे छोटे गाव आहे. एके काळी ती गुजरातच्या सुलतानांची राजधानी होती. खिची चौहान राजांकडून महमूद बेगड्याने सुमारे २० महिन्यांच्या वेढ्यानंतर १४८४ मध्ये गड घेतला आणि पायथ्याशी नवे शहर वसवले. त्याला मुहम्मदाबाद असे नाव दिले. मशिदी, वाडे, बागा, रस्ते आणि तलाव यांनी ते भरून गेले. १५३५ मध्ये हुमायूनने ते जिंकले. लवकरच राजधानी पुन्हा अहमदाबादला गेली आणि हे शहर ओस पडले. पन्नास-पाऊणशे वर्षांचा तो वैभवाचा काळ. पुढे जंगल वाढले आणि घरे जमिनीखाली गेली.

प्रसिद्ध गायक बैजू बावरा चांपानेरचा, अशी परंपरा आहे.

इथली जामा मशीद आवर्जून पाहावी. दोन उंच मिनार, दगडाच्या नाजूक जाळ्या, खांबांच्या दाट रांगा. त्यांवरचे कमळ, वेली आणि नक्षी पाहिली की मंदिरे घडवणाऱ्या कारागिरांचेच हात इथे राबले, हे लगेच ध्यानात येते. शेजारीच पाण्याचे देखणे अष्टकोनी कुंड आहे.

या शहराचे पुढे जे झाले त्यात बडोद्याचा मोठा वाटा आहे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने प्रा. र. ना. मेहता यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ ते १९७५ या काळात येथे उत्खनन करून रस्ते, घरे आणि पाण्याच्या सोयी उजेडात आणल्या. बडोद्याच्या हेरिटेज ट्रस्टने अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००४ मध्ये चांपानेर-पावागड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. गुजरातेतले ते पहिले स्थळ. त्याच वर्षी मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनसही या यादीत आले.

चांपानेरला 'हजार विहिरींचे शहर' म्हणत. परतताना हालोलच्या वाटेवर सोळाव्या शतकातली गोल वाव लागते. भिंतीला लागून गोल फिरत जाणारा जिना खाली पाण्यापर्यंत उतरतो. इथे पाच मिनिटे थांबून मुलांना विचारा, की डोंगराच्या पायथ्याशी, एवढे पाणी वाहून येते त्या जागी, लोकांना एवढ्या विहिरी आणि तलाव का लागले? डोंगराचे पाणी चार महिने धावत येते आणि उरलेले आठ महिने ओढे कोरडे असतात. ज्याने पावसाळ्यात अडवले, त्यालाच उन्हाळ्यात प्यायला मिळाले.

मराठ्यांचा गड, पण गायकवाडांचा नव्हे

बडोद्याजवळचा गड म्हणजे तो गायकवाडांचाच असणार, असे आपल्यापैकी बरेचजण धरून चालतात. तसे नव्हते. १७२७ मध्ये कंठाजी कदम बांडे यांच्या घरातील कृष्णाजीने चांपानेर घेतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गड शिंद्यांकडे आला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि तहानंतर शिंद्यांना परत दिला. १८५३ मध्ये पंचमहालाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि काही वर्षांनी तो मुलूख कायमचा त्यांचा झाला. म्हणजे बडोदेकरांना दिसणारा हा डोंगर प्रथम ग्वाल्हेरचा होता, मग ब्रिटिशांचा.

सरहद्दी अशा बदलत राहिल्या, नदीने मात्र कोणतीच सरहद्द मानली नाही. शिंद्यांच्या डोंगरावर पडलेला पाऊस गायकवाडांच्या राजधानीतून वाहत गेला.

पावागड ते काळा घोडा

विश्वामित्री ही पावसाच्या पाण्यावर जगणारी नदी. डोंगराच्या उतारावर खडक उघडा असेल तर पाणी मुरत नाही, ते धावते. झाडे, गवत, माती आणि तलाव त्याला थांबवतात. मैदानात आल्यावर नदीला सूर्या वगैरे नद्या मिळतात. याच सूर्या नदीवर महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा तलाव बांधला. नळाने शुद्ध पाणी बडोदेकरांना मिळू लागले ते या सयाजी सरोवरामुळे, आणि आजही शहराच्या काही भागांना तिथूनच पाणी येते. पुढे विश्वामित्री बडोद्यातून वाहत जाते, ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात पोहोचते.

आता पूर कसा येतो ते पाहू. वर डोंगरभागात पाऊस पडतो, आजवा भरतो आणि जास्तीचे पाणी सोडावे लागते. त्याच वेळी शहरातही मुसळधार पाऊस झाला तर शहराचे पाणी नदीत जायला वाट राहत नाही, उलट नदीच शहरात येते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हे घडले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा घडले. काळा घोडा पुलाजवळची पाण्याची पातळी किती फूट झाली, हे त्या दिवसांत पहिलीतले मूलही सांगत होते. नदीकाठच्या घळी बुजल्या, तळी भरून त्यांवर बांधकामे झाली, पात्रात भराव पडला, तर पाणी पसरायला जागा उरत नाही. २०२५ च्या पावसाळ्याआधी पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. पण ज्या गोष्टी पात्राबाहेर आहेत, म्हणजे वरचे जंगल, मधली तळी आणि काठावरच्या घळी, त्या सांभाळणे हे एका वर्षाचे काम नाही. ते आज शाळेत असलेल्या मुलांना आयुष्यभर करावे लागणार आहे.

या नदीत मगरीही राहतात. २०२५ च्या गणनेत शहराच्या पट्ट्यात चारशेहून अधिक मगरी आढळल्या. एवढ्या मोठ्या शहरात एवढ्या मगरी माणसांच्या शेजारी राहतात हे जगात क्वचित दिसते. त्यांच्यासाठीही नदी म्हणजे घर आहे.

सहलीची आखणी

पहाटे सहाच्या सुमारास निघावे. साडेसात-आठपर्यंत माची गाठली तर गर्दी आणि ऊन दोन्ही टळतात. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या पायथ्याशीच थांबवतात, तेव्हा चांपानेरहून एस.टी.च्या बसने वर जावे. शक्यतो रविवार आणि पौर्णिमा टाळावी. वारा जोराचा असला किंवा दुरुस्तीचे काम असले की रोपवे बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करावी. ६ सप्टेंबर २०२५ रोजी गडावर सामान वाहून नेणाऱ्या रोपवेला अपघात होऊन सहा जणांचे प्राण गेले. प्रवाशांचा रोपवे वेगळा आहे. तरीही सुरक्षेसाठी तो बंद ठेवला असेल तर हुज्जत न घालता पायऱ्यांनी जावे किंवा बेत पुढे ढकलावा.

मार्चमध्ये अकरानंतर चटके बसतात. टोपी, सुती कपडे, पायांत बूट आणि माणशी दोन लिटर पाणी हवे. आजी-आजोबांना रोपवेनंतरही काही पायऱ्या चढाव्या लागतात, हे आधीच सांगून ठेवावे. डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची कोरडी चटणी असे न आंबणारे पदार्थ घ्यावेत. दहीभात उन्हात टिकत नाही, त्याऐवजी माचीवर ताजी छाश मिळते. स्मारकांच्या आवारात डबा उघडू नये, बाहेर झाडाखाली बसावे. माकडांना काही खायला देऊ नये. प्लॅस्टिकची प्रत्येक पिशवी परत घरी आणावी, कारण डोंगरावर टाकलेली पिशवी पहिल्या पावसात ओढ्यात येते आणि तिथून आपल्याच नदीत.

बाराच्या सुमारास चांपानेर, जेवण, थोडी विश्रांती, मग गोल वाव. पाचपर्यंत घरी परतता येते.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

आपल्या शाळेच्या मुलांना हा डोंगर दर्शनापुरता नव्हे, तर शिकण्यासाठी दाखवावा असे मनापासून वाटते. एका दिवसात विज्ञानातले खडक आणि झाडे, इतिहासातली राजधानी आणि मराठेशाही, भूगोलातली नदी असे तीन विषय पायाखालून जातात. सहावी-सातवीची वार्षिक सहल एखाद्या वर्षी वॉटर पार्कऐवजी पावागडाला न्यावी. खर्च फार येणार नाही आणि पाणी मुलांना तिथेही भेटेल. परतल्यावर प्रत्येकाने पावागडापासून आपल्या घराजवळच्या नाल्यापर्यंतचा पाण्याचा नकाशा काढावा आणि उत्तम नकाशे शाळेच्या फलकावर लावावेत.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या पावसाळ्यात विश्वामित्रीचे पाणी वाढल्याची बातमी येईल तेव्हा तुम्ही नुसते किती फूट झाले एवढेच विचारणार नाही. पावागडावर पाऊस किती झाला, आजवा किती भरला, हेही विचाराल. एवढे झाले तरी सहल सार्थकी लागली असे समजायला हरकत नाही.